सोलापुरात घेतलेले सुती डमास्क: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या दिवाळीच्या आधी सोलापूरच्या नवी पेठेतील एका जुन्या कापड दुकानातून मी साडेबारा मीटर सुती डमास्क, म्हणजे विणीतच नक्षी असलेले कापड, घेतले. त्यातील ३ मीटर मोतिया रंगाचे जेवणाच्या टेबलासाठी होते, ८ मीटर शेवाळी हिरवे पडद्यांसाठी आणि दीड मीटर डाळिंबी रंगाचे यजमानांच्या जाकिटासाठी. पन्ना ५४ इंचांचा आणि भाव मीटरला ४२० रुपये, म्हणजे एकूण खर्च ५,२५० रुपये झाला. मी घरी शिवणकाम करते, त्यामुळे कापड आणले, धुतले, बेतले आणि शिवले ते सगळे मीच, आणि गेले नऊ महिने ते घरात रोजच्या वापरात आहे. नव्या कापडाचे कौतुक दुकानातून घरी येईपर्यंत कोणीही करू शकते; उन्हाळा, धुणे आणि पाहुण्यांची जेवणे यांतून गेल्यावर ते कसे राहिले, हे लिहावे म्हणून इतके थांबले.

डमास्क या नावाखाली बाजारात दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात, हे आधी सांगणे आवश्यक आहे. दोन वर्षांपूर्वी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मी ‘डमास्क पडदे’ मागवले होते आणि घरी आले ते साध्या पॉलिस्टरवर मोठी वेलबुट्टी छापलेले कापड. उलटी बाजू पांढरट होती आणि हात फिरवला तर नक्षी कुठे सुरू होते, कुठे संपते हे बोटांना कळत नव्हते. खरे डमास्क छापलेले नसते, ते विणलेले असते. ताण्याचा (उभ्या धाग्यांचा) आणि बाण्याचा (आडव्या धाग्यांचा) रंग बहुधा एकच असतो, आणि तरीही नक्षी उठून दिसते, कारण नक्षीच्या भागात एका दिशेचे धागे वर असतात आणि जमिनीच्या, म्हणजे नक्षीभोवतालच्या मोकळ्या, भागात दुसऱ्या दिशेचे. मी घेतलेल्या कापडावर भिंग धरून पाहिले, तेव्हा फुलाच्या पाकळीत ताण्याचा प्रत्येक धागा चार आडव्या धाग्यांवरून मोकळा जाऊन पाचव्याखाली दबलेला दिसला, आणि पाकळीची कड ओलांडताच नेमका उलटा प्रकार सुरू झाला, म्हणजे बाण्याचा धागा चार उभ्या धाग्यांवरून जाऊन पाचव्याखाली शिरला. उभ्या धाग्यांवर पडलेला प्रकाश एका बाजूला परततो आणि आडव्यांवर पडलेला दुसऱ्या बाजूला. म्हणून तेच कापड काटकोनात फिरवले की चकाकणारे फूल मंद होते आणि मंद जमीन चकाकू लागते.

सोलापूरकरांना हे समजावून सांगण्यात फार वेळ जाऊ नये. आपली सोलापुरी चादर जेकार्डवरच, म्हणजे भोके पाडलेल्या पत्त्यांनी नक्षी विणणाऱ्या मागावरच, विणली जाते, आणि तिची उलटी बाजू सुलटीइतकीच देखणी असते, फक्त रंगांची अदलाबदल झालेली असते. डमास्कमध्ये तीच अदलाबदल रंगांऐवजी चकाकीची होते. माझे वडील यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते. जेकार्डचे टाकाऊ पत्ते ते घरी आणत आणि आम्ही भावंडे त्यांचे वहीला पुठ्ठे करत असू. पत्त्यावर जिथे भोक असेल तिथे हूक वर उचलला जातो आणि त्याला बांधलेला ताण्याचा धागाही वर येतो, जिथे भोक नसेल तिथे धागा खालीच राहतो, हे वडिलांनी एकदा पत्ता उजेडासमोर धरून दाखवले होते. लियोंच्या जोसेफ मारी जकार्ड याने १८०४ मध्ये ही पत्त्यांची रचना सिद्ध केली. त्यापूर्वी अशी नक्षी विणायची तर विणकराबरोबर दोऱ्या ओढणारा दुसरा माणूस मागावर लागे आणि एखाद्या दोरीची चूक झाली की फुलाचा आकार बिघडे. डमास्कचा मीटर हातात घेताना या श्रमाची आठवण मला नेहमी होते, आणि त्यामुळेच छापील कापडाला हे नाव देऊन विकले गेले की वाईट वाटते.

दुकानाविषयी माझे मत चांगले आहे, पण ते निर्दोष नाही. डमास्क मागितल्यावर विक्रेत्याने प्रथम मीटरला १९० रुपयांचे कापड समोर टाकले आणि ते सुती असल्याचे सांगितले. मी किनारीचा एक धागा काढून काडीवर धरला, तेव्हा तो वितळून त्याची कडक काळी गोळी झाली. सूत असे वितळत नाही. ते कागदासारखा वास सोडत जळते आणि मागे मऊ राख उरते. आतल्या बाजूला बसलेल्या वृद्ध मालकांनी हे पाहिले आणि कोणतीही सबब न सांगता म्हणाले, “अक्का, ते पॉलिस्टरच आहे. पोराला फरक कळत नाही. वरच्या फळीवरचं बघा, ते सूत आहे.” वरच्या फळीवरचे ठाण त्यांनी स्वतः उलगडले, दारात उजेडाला नेले, दोन्ही बाजूंनी फिरवून दाखवले आणि धागा जाळून पाहण्यासाठी काडेपेटीही पुढे केली. इतक्या मोकळेपणाने कापड दाखवणारी दुकाने आता कमी उरली आहेत. मात्र घरी आल्यावर ८ मीटरच्या तुकड्यात १२ सेंटिमीटर कमी भरले. दुसऱ्या दिवशी कापड परत नेऊन दाखवले तेव्हा मालकांनी वाद न घालता फरकाचे पैसे दिले, तरीही दुकानातच गज आपल्यासमोर धरून कापड मोजून घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन.

नक्षीबद्दल थोडे लिहिलेच पाहिजे, कारण डाळिंबी आणि शेवाळी या दोन्ही ठाणांवर डाळिंबाचीच नक्षी होती. मध्ये उकललेले फळ, त्याच्या टोकाला मुकुटासारखी पाकळ्यांची रांग आणि दोन्ही बाजूंनी वर चढत जाऊन पुन्हा एकत्र येणाऱ्या वेली, अशी ती रचना आहे. डमास्कचे नाव सीरियातील दमास्कस शहरावरून पडले असले, तरी १५ व्या शतकात व्हेनिस आणि फ्लॉरेन्स या शहरांतील विणकरांनी रेशमी कापडावर ही डाळिंबाची नक्षी इतकी फुलवली, की आजही जगभरातील पडद्यांवर आणि सोफ्यांवर तिचीच रूपे दिसतात. ज्या जिल्ह्यात सांगोल्यापासून पंढरपूरपर्यंत डाळिंबाच्या बागा आहेत आणि शहरालगत केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, तिथे ही नक्षी परकी वाटण्याचे कारण नाही. आमच्या सासूबाईंनी ठाण पाहताच, “हे तर आपल्याच मळ्यातलं फळ,” असे म्हणून त्यावर हात फिरवला.

आता धुण्याविषयी. कापण्यापूर्वी मी एका कोपऱ्यात ५० सेंटिमीटरचा चौकोन दोऱ्याने आखला, कापड साध्या पाण्यात रात्रभर भिजवले, सावलीत वाळवले आणि पुन्हा मोजले. लांबीच्या दिशेने तो चौकोन ४८ सेंटिमीटर भरला आणि रुंदीच्या दिशेने ४९. म्हणजे ८ मीटरच्या तुकड्यातून सुमारे ३२ सेंटिमीटर केवळ पाण्यात जातात. दुकानात ही गोष्ट कोणी आपणहून सांगत नाही. न धुता शिवलेला पडदा पहिल्या धुण्यानंतर जमिनीपासून चार बोटे वर येतो आणि दोष शिंप्याच्या माथी बसतो, म्हणून ही तसदी प्रत्येकाने घ्यावी. डाळिंबी रंगाने पहिल्या पाण्यात थोडा रंग सोडला, दुसऱ्या पाण्यापासून सोडला नाही. मोतिया आणि शेवाळी यांनी अजिबात सोडला नाही. चकाकी नऊ महिन्यांनंतरही टिकून आहे. त्याचे श्रेय कापडाला ताणून धरून कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात दिल्या जाणाऱ्या मर्सराइज या प्रक्रियेला आहे, ज्यामुळे सुताचा धागा फुगून गोल आणि गुळगुळीत होतो. केवळ कांजीच्या बळावर चमकणारे कापड असते, तर तिसऱ्या धुण्यातच ते मलूल झाले असते.

या कापडाचा सर्वांत शोभणारा उपयोग मला टेबलावर दिसला. आमचे टेबल खिडकीलगत आहे आणि सकाळचा उजेड त्यावर तिरपा पडतो. या तिरप्या उजेडात मोतियावर मोतिया फुले पाण्यावरच्या तरंगांसारखी उमटतात, आणि खुर्चीवरून उठून दुसऱ्या बाजूला गेले की उजळ फुले मंद होऊन त्यांच्या मधली जमीन उजळते. आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये लिननच्या, म्हणजे जवसाच्या धाग्याच्या, पांढऱ्या डमास्कचे मेजावरचे कापड आणि हातपुसणी विणण्याची मोठी परंपरा होती. पांढऱ्यावर पांढरी नक्षी काढण्यात काय गोडी असेल, हे माझ्या टेबलावर हे कापड येईपर्यंत मला समजले नव्हते. ३ मीटरमध्ये सहा माणसांच्या टेबलाचे एक कापड आणि ४० सेंटिमीटरच्या सहा हातपुसण्या बसल्या.

सोलापूरच्या घरात टेबलाच्या कापडाची खरी परीक्षा शेंगाचटणी घेते. संक्रांतीला पाहुणे आले असताना बाजरीच्या कडक भाकरीबरोबर वाढलेल्या चटणीचे तेल कापडावर सांडले आणि मोठा लालसर डाग पडला. त्यावर लगेच टाल्कम पावडर घालून तेल शोषून घेतले आणि नंतर भांडी घासण्याच्या द्रवाने कोमट पाण्यात हलक्या हाताने चोळले, तेव्हा डाग पूर्ण गेला. हळदीचा डाग साबण लागताच लाल झाला, त्याने घाबरून जाऊ नये. दोन दिवस उन्हात ठेवल्यावर तो आपोआप फिका पडून नाहीसा झाला. ब्रशने मात्र हे कापड कधीही घासू नये, कारण वर मोकळे असलेले धागे केसाळ होतात आणि तेवढ्या जागची चकाकी कायमची जाते. इस्त्री कापड थोडे ओलसर असताना, आधी उलट्या आणि मग सुलट्या बाजूने करावी. कांजी अगदी पातळ असावी. एकदा मी घट्ट कांजी केली, तेव्हा नक्षी बोथट दिसू लागली.

पडद्यांच्या बाबतीत माझा अंदाज थोडा चुकला, आणि या कापडाविषयी कोणी मला एकच प्रश्न विचारणार असेल तर तो पडद्यांविषयीच विचारावा असे वाटते. दुकानात ठाणावर समोरून उजेड पडत होता, म्हणून नक्षी खुलून दिसत होती. खिडकीत पडदा लावल्यावर दिवसा उजेड मागून येतो, आणि नक्षी व जमीन या दोन्ही भागांत धाग्यांची संख्या सारखीच असल्यामुळे प्रकाश दोन्हींतून जवळजवळ सारखाच झिरपतो. परिणामी दुपारी बारा वाजता आमचे पडदे साध्या हिरव्या कापडासारखे दिसत होते, आणि संध्याकाळी खोलीतला दिवा लागल्यावरच डाळिंबे उमलत होती. यावर उपाय म्हणून जाड सुती अस्तर लावले. मागचा उजेड अडला, खोलीतला उजेड समोरून पडू लागला आणि नक्षी दिवसाही दिसू लागली. सोलापूरच्या मे महिन्यात, जेव्हा पारा ४२ अंशांच्या वर जातो, तेव्हा पश्चिमेच्या खिडकीतल्या पडद्यांना या अस्तराने संरक्षणही दिले. एका पडद्याला मी मुद्दाम अस्तर लावले नव्हते. उन्हाळ्याअखेरीस त्याच्या खिडकीकडच्या बाजूचा रंग स्पष्टपणे उतरला आहे, अस्तरवाल्या तिन्ही पडद्यांचा रंग मात्र जसाच्या तसा आहे.

मोठ्या नक्षीच्या कापडात वाया जाणारा भाग आधी हिशेबात धरावा लागतो. धुतल्यानंतर या कापडात डाळिंबाची एक पूर्ण नक्षी ३१ सेंटिमीटरनंतर पुन्हा येते. मला प्रत्येक पडद्यासाठी शिवण धरून १७० सेंटिमीटर हवे होते, पण चारही पडद्यांवर फळे एका रेषेत यावीत म्हणून प्रत्येक तुकडा सहा नक्षींचा, म्हणजे १८६ सेंटिमीटरचा बेतावा लागला. असे न केल्यास शेजारच्या दोन पडद्यांत फळे वर-खाली दिसतात आणि कितीही भारी कापड असले तरी काम ओबडधोबड वाटते. चुण्या मोठ्या आणि मोजक्या ठेवाव्यात. बारीक चुण्यांत वेली तुटतात आणि नक्षीचा अर्थच राहत नाही.

कपड्यांसाठी या कापडाची शिफारस मी अधिक सावधपणे करीन. डाळिंबी तुकड्याचे यजमानांसाठी बंद गळ्याचे बिनबाह्यांचे जाकीट शिवले आणि ते भाच्याच्या लग्नात पांढऱ्या सदऱ्यावर फार उठून दिसले. मांडवातल्या दिव्यांखाली हालचालीबरोबर नक्षी दिसत-लपत होती, आणि जरीचा एकही धागा नसताना कापड भारदस्त वाटत होते. दोन्ही पुढच्या पल्ल्यांवर फळ समोरासमोर येण्यासाठी एक पल्ला बेतून तो सुलट बाजू आत येईल असा दुसऱ्यावर ठेवून, नक्षीवर नक्षी जुळवून मगच दुसरा कापावा लागतो. आत कॅनव्हास आणि अस्तर दोन्ही हवेत. कापलेल्या कडांचे धागे हातात घेताच सुटू लागतात, म्हणून शिवण घालण्याआधीच सर्व कडांना इंटरलॉक करून घ्यावे आणि शिवणीसाठी नेहमीपेक्षा अर्धा सेंटिमीटर अधिक कापड सोडावे.

उरलेल्या तुकड्यात मी माझ्यासाठी एक ब्लाउज शिवला आणि तो निर्णय योग्य ठरला नाही. घट्ट बेताच्या कपड्यात काखेतील शिवणीवर ताण येतो, आणि मोकळ्या धाग्यांचे विणकाम त्या ताणाने सरकून शिवण फाकते. तिसऱ्यांदा घातला तेव्हा उजव्या काखेत सुईच्या भोकांपासून बारीक फटी दिसू लागल्या. शिवाय हातातल्या काचेच्या बांगड्यांची एखादी खडबडीत कड बाहीला घासली की धागा ओढला जातो. माझ्या डाव्या बाहीवर अशी एक वेल मध्येच आखडली आहे. ओढला गेलेला धागा कापू नये, बारीक सुईने उलट्या बाजूला ओढून घ्यावा. याच कारणासाठी पलंगावर हे कापड घालण्याचा विचार मी सोडून दिला, कारण पायातली जोडवी त्याला एका महिन्यातही सोडणार नाहीत. सैल बेताचे कपडे, जाकीट, लहान मुलींचे अस्तर लावलेले परकर किंवा खांद्यावरून मोकळे सोडायचे वस्त्र, यांसाठी मात्र ते निःशंक घ्यावे.

पडद्यांतून उरलेल्या १६ सेंटिमीटर रुंदीच्या चार पट्ट्यांनी मला सर्वांत जास्त आनंद दिला. चुलत बहिणीच्या मुलीच्या रुखवतासाठी त्यांतून कुंकवाच्या डब्या ठेवण्याच्या लहान थैल्या, पाटाच्या आसनाची किनार आणि पुठ्ठ्याच्या पेटीवर ताणून चिकटवलेले आवरण, अशा तीन वस्तू झाल्या. पेटीवर कापड चिकटवताना खळ पुठ्ठ्याला लावावी, कापडाला लावू नये. पातळ खळ कापडातून वर आली की त्या जागची चकाकी मरते आणि पुन्हा येत नाही. माझ्या आत्याने या पट्ट्यांवर भरतकाम केले आणि तिची युक्ती मला फार आवडली. तिने वेगळी नक्षी छापलीच नाही, विणलेल्या डाळिंबाच्या कडेकडेने एकेरी दोऱ्याने साखळी टाका घातला आणि फक्त दाण्यांच्या जागी लाल गाठी भरल्या. जिथे उभे धागे संपून आडवे सुरू होतात, तिथे सुईला आपोआप वाट मिळते, असे ती म्हणाली. तिची नजर आता अधू झाली आहे, तरी त्या कडेवर बोट ठेवून तिने टाके सरळ नेले. बारीक तुकडे गोधडीत घालायचे असल्यास ते साध्या सुती कापडाच्या मध्ये बसवावेत, म्हणजे घासले जाणारे वरचे काम साधे कापड घेते.

भावाविषयी बोलायचे तर मीटरला ४२० रुपये ही रक्कम आमच्यासारख्या घराला जड आहे, पण टेबलाच्या कापडाबाबत ती मला पूर्णपणे योग्य वाटते. पडद्यांना अस्तराचा खर्च वेगळा येतो आणि तो धरला तर हिशेब बराच वाढतो. ज्यांना दर वर्षी पडदे बदलायची हौस आहे त्यांनी पॉलिस्टरचे विणलेले डमास्क घेतले तरी चालेल. ते आटत नाही आणि त्याचा रंगही उन्हात हळू उतरतो. मात्र सोलापूरच्या उन्हाळ्यात ते अंगावर घेण्याजोगे नाही.

जून महिन्यात तिसऱ्या खिडकीसाठी शेवाळी रंगाचे आणखी दोन तुकडे आणायला गेले, तेव्हा नवे ठाण आले होते. नाव तेच, नक्षी तीच आणि भावही तोच होता. मी सोबत नेलेला जुन्या पडद्याचा तुकडा त्यावर ठेवला, तेव्हा नवे कापड किंचित पिवळट निघाले. दुकानात दिव्याखाली हा फरक दिसत नव्हता, दारातल्या उजेडातच दिसला. रंगाची घाणी, म्हणजे एकाच वेळी रंगवलेली खेप, बदलली की असे होते. मालकांनी ते मान्य केले, पण पहिल्या घाणीतला एकही तुकडा आता त्यांच्याकडे उरलेला नाही. त्यामुळे तिसरी खिडकी अजून जुन्या पडद्यांवरच आहे. गौरी-गणपतीसाठी मखरामागे लावायला मोतिया रंगाचे अडीच मीटर मी त्याच दिवशी घेतले. या वेळी गज माझ्यासमोर ठेवून मोजून घेतले आणि आटण्यासाठी १० सेंटिमीटर जास्तही कापून घेतले.